साखर कारखान्याच्या ट्रकसाठी सौर विजेपासून हायड्रोजन: १ मेगावॅटवर हिशेब बसतो का?

गव्हाण_ते_काटा

नमस्कार मंडळी. रोजच्या ५,००० टन गाळपाचा कारखाना आहे, आवारात १ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे आणि वर्षाला सरासरी १५ लाख युनिट निघतात. हंगामात आवाराची गरज बगॅसवरच्या (उसाच्या चोथ्यावरच्या) सहवीजनिर्मितीतून भागते. त्यामुळे सौर वीज जवळपास सगळी बाहेर विकली जाते आणि युनिटला ४ रुपयांच्या आसपास हातात पडतात. संचालक मंडळापुढे प्रस्ताव आला आहे की ही वीज विकण्यापेक्षा तिच्यापासून हायड्रोजन बनवावा आणि वाहतुकीचे डिझेल बंद करावे.

वाहतूक दोन प्रकारची आहे. ऊस आणणारे ट्रक आणि दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर: फेरी १५ ते ४० किलोमीटरची, हंगाम चार-साडेचार महिने. दुसरे साखरेचे ट्रेलर: न्हावा-शेवा बंदरापर्यंत एका बाजूने ३५० किलोमीटर, वर्षभर. हे ट्रेलर लिटरला ३ किलोमीटर देतात.

नेमके विचारायचे ते असे:
१. एवढ्या विजेत किती डिझेल वाचेल?
२. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) १,१०० आहे. चालेल का?
३. बिगरहंगामात बनवलेला हायड्रोजन साठवून हंगामात वापरता येईल का?
४. जुन्या डिझेल इंजिनात हायड्रोजन घालता येतो का? शिवाय "पाण्यावर चालणारे" एचएचओ किट (गाडीतल्या विजेने पाणी फोडून तो वायू इंजिनात सोडणारे) बसवा, मायलेज ३० टक्के वाढेल, असेही प्रस्ताव आले आहेत. त्यात तथ्य किती?

युनिटचा_हिशेब

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर उभे आहेत.

हायड्रोजनला इंधन न म्हणता वीज वाहून नेणारे भांडे म्हणा, म्हणजे हिशेब सरळ होतो. भांडे भरताना किती सांडते आणि रिकामे करताना किती, एवढेच बघायचे.

१ किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट उष्णता असते. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १०. म्हणजे किलोभर हायड्रोजन हा सव्वातीन लिटर डिझेलच्या तोडीचा. पण तो बनवायला इलेक्ट्रोलायझरच्या (विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राच्या) स्टॅकलाच, म्हणजे सेलच्या चळतीलाच, ५० ते ५३ युनिट लागतात. रेक्टिफायरचा तोटा, पंप, थंड करणे, वायू सुकवणे यात आणखी तीन-चार जातात, आणि ३५० बारच्या टाकीत भरण्यासाठी दाब वाढवायला पुन्हा तीन-चार. किलोला ६० युनिट धरा. १५ लाख भागिले ६०, म्हणजे वर्षाला २५,००० किलो, दिवसाला सरासरी ६८ किलो.

आता ट्रेलर. १०० किलोमीटरला ३३ लिटर म्हणजे ३३० युनिट उष्णता. डिझेल इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर प्रत्यक्ष कामाला १३२ युनिट येतात. फ्युएल सेलची (ट्रकमध्येच हायड्रोजनपासून पुन्हा वीज बनवणाऱ्या संचाची) कार्यक्षमता ५० टक्के धरली तर तेवढ्याच कामाला २६४ युनिट, म्हणजे ८ किलो हायड्रोजन. २५,००० किलोत सव्वातीन लाखांच्या थोडे आत, ३.१२ लाख किलोमीटर. वाचलेले डिझेल १.०४ लाख लिटर.

हीच वीज बॅटरीच्या ट्रकमध्ये घातली तर? १०० किलोमीटरला १५० युनिट आणि चार्जिंगमध्ये १५ टक्के तोटा धरून ८.५ लाख किलोमीटर होतात, डिझेल वाचते २.८३ लाख लिटर. त्याच सौर पट्ट्यांवर जवळपास पावणेतीन पट अंतर.

पैशात बघू. वीज विकून आज ६० लाख येतात. डिझेल ९० रुपये धरले तर हायड्रोजनच्या वाटेने ९३ लाखांचे डिझेल वाचेल, म्हणजे वरचे ३३ लाख. इलेक्ट्रोलायझर, पाणी शुद्धीकरण, ड्रायर, कॉम्प्रेसर, साठवण आणि डिस्पेन्सर मिळून १० कोटी धरा (हा निव्वळ हिशेबासाठी घेतलेला आकडा आहे, तुमच्या कोटेशनचा आकडा त्या जागी घाला). ८ टक्के व्याज आणि १५ वर्षांची परतफेड म्हटली तर वर्षाचा हप्ता १.१७ कोटी. ३३ लाखांवर १.१७ कोटींचा हप्ता कसा बसवणार? माणसे, देखभाल आणि नव्या ट्रकची किंमत अजून धरलेलीच नाही.

खरी अडचण आहे ती तासांची. १५ लाख युनिट म्हणजे १ मेगावॅटचे यंत्र वर्षाच्या ८,७६० तासांपैकी फक्त १,५०० तास पूर्ण भाराने चालते. वरच्या हप्त्यातले ४६७ रुपये एकेका किलोवर बसतात. तेच यंत्र ६,००० तास चालले तर वर्षाला १ लाख किलो निघतात आणि हप्ता किलोला ११७ रुपयांवर येतो. म्हणूनच मोठे प्रकल्प सौर आणि पवन एकत्र जोडतात, आणि म्हणूनच एकट्या १ मेगावॅट सौरवर हायड्रोजन महाग पडतो.

कुणी सुचवेल की रात्री महावितरणची वीज घ्या. तसे करू नका. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ६० युनिटांचे ४२ किलो झाले. ट्रेलरला १०० किलोमीटरला ८ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे ३३६ किलो कार्बन डायऑक्साइड. ३३ लिटर डिझेल जाळले तर ८८ किलो. डिझेलच्या जवळजवळ चौपट धूर, फक्त तो चंद्रपूर-कोराडीकडे निघतो म्हणून आपल्याला दिसत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये "हरित" हायड्रोजनची व्याख्या ठरवली आहे: किलोमागे बारा महिन्यांच्या सरासरीने २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. ग्रिडवर चालवाल तर त्या व्याख्येच्या आसपासही जाणार नाही.

मंडळासाठी एकच आकडा हवा असेल तर हा घ्या: ३३ लिटर डिझेलचे ३,००० रुपये भागिले ८ किलो, म्हणजे नोझलवर किलोला ३७५ रुपये. फ्युएल सेलचा ट्रेलर इंधनखर्चात डिझेलशी बरोबरी करतो तो या भावाला. इंजिनात जाळणार असाल तर १० किलो लागतात, तेव्हा ३०० रुपये.

उमा_क्षारमापी

पाण्याबद्दल आणि यंत्राबद्दल लिहिते.

पाण्याच्या प्रमाणाची काळजी करू नका. रसायनशास्त्राप्रमाणे किलोला ९ लिटर लागतात. आरओचे वाया जाणारे पाणी आणि थोडे थंड करण्याचे धरून २० लिटर म्हणा. ६८ किलोला दिवसाला १,४०० लिटरच्या आत, वर्षाला ५०० घनमीटर. एक एकर उसाला दोन मीटर पाणी धरले तर ८,००० घनमीटर लागतात. तेव्हा "हायड्रोजन पाणी पिऊन टाकेल" हा आक्षेप इथे लागू नाही.

प्रश्न शुद्धतेचा आहे. टीडीएस १,१०० चे पाणी सरळ चालणार नाही. सॉफ्टनर, मग दोन टप्प्यांचा आरओ, मग ईडीआय किंवा मिक्स्ड बेड (उरलेले क्षार विजेने किंवा रेझिनने काढणारा टप्पा), असा क्रम लागेल. अल्कलाइन यंत्राला (क्षारी द्रावणावर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरला) वाहकता ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली चालते, पेमला (द्रावणाऐवजी पातळ पडदा वापरणाऱ्या प्रकाराला) १ च्या खाली हवी आणि ०.१ असेल तर उत्तम. काळ्या जमिनीतल्या बोअरमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका तिन्ही असतात. पेमच्या पडद्यात कॅल्शियम किंवा लोह घुसले की ते हायड्रोजन आयनांच्या जागा अडवून बसते. सेलचा व्होल्टेज हळूहळू चढतो, तेवढ्याच वायूला जास्त वीज लागते आणि शेवटी पडदा पातळ होतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड वाढले तर पडदा झिजत असल्याची ती खूण आहे, दर महिन्याला तपासा. शुद्ध पाण्याच्या लाइनीत माइल्ड स्टीलचा एक तुकडा जरी राहिला तरी लोह तिथूनच येते.

अल्कलाइनमध्ये २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ७०-८० अंशांवर फिरते. याची नेहमीची दुखणी वेगळी. टाकी हवेशी उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन पोटॅशियम कार्बोनेट तयार होते आणि द्रावणाची वाहकता उतरते. टाकीवर नायट्रोजनचे आवरण ठेवायचे आणि कार्बोनेटचे टायट्रेशन ठरावीक काळाने करायचे. यंत्र बंद केले की सेलमध्ये उलटा प्रवाह वाहतो आणि निकेलच्या इलेक्ट्रोडवरचा थर सुटायला लागतो. रोज संध्याकाळी बंद, रोज सकाळी चालू, असे सौरवर ३६५ वेळा होणार. बंद काळात थोडा धन प्रवाह चालू ठेवणारा छोटा रेक्टिफायर कोटेशनमध्ये आहे का, ते विचारा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमी भार. अल्कलाइन यंत्र २०-३० टक्के भाराखाली गेले की वायूची निर्मिती कमी होते, पण डायफ्रॅममधून (दोन वायूंना वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून) पलीकडे झिरपणारा वायू तेवढाच राहतो. मग ऑक्सिजनमधला हायड्रोजन वाढत जातो. हायड्रोजन ४ टक्क्यांना पेट घेऊ शकतो, म्हणून यंत्र २ टक्क्यांना बंद पडेल असे लावलेले असते. ढगाळ दिवशी ते पुन्हा पुन्हा ट्रिप होईल आणि कुणीतरी वैतागून मर्यादा वाढवायला सांगेल. ती कधीही वाढवू देऊ नका.

दक्षिण कोरियातल्या गांगनंगला २३ मे २०१९ रोजी झालेला स्फोट नेमका याच वाटेने आला. सौर विजेवरचा प्रायोगिक संच कमी भारावर चालत होता, हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन ६ टक्क्यांवर गेला, तो काढून टाकणारे उपकरण नव्हते आणि स्थिर विजेच्या ठिणगीने टाकी फुटली. दोन माणसे गेली, सहा जखमी झाली. म्हणून तीन गोष्टींवर तडजोड नको: दोन्ही वायूंच्या लाइनीवर सतत चालणारे विश्लेषक, पॅलेडियमचा डीऑक्सो (हायड्रोजनमधला ऑक्सिजन काढून टाकणारे उपकरण), आणि साठवणटाकीच्या तोंडाशी ऑक्सिजनचे स्वतंत्र मोजमाप.

डीऑक्सोनंतर ड्रायर येतो. फ्युएल सेलसाठी शुद्धता ९९.९७ टक्के हवी, त्यात पाणी ५ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएम आणि गंधक ०.००४ पीपीएमपर्यंतच चालते. गंधकाचा आकडा नीट बघा. कारखाना सल्फिटेशन पद्धतीचा (उसाचा रस साफ करायला गंधकाचा धूर वापरणारा) असेल तर आवाराच्या हवेत सल्फर डायऑक्साइड असतोच. ट्रकचा फ्युएल सेल हवा आत ओढतो ती याच आवारातली, तेव्हा हवेच्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असायलाच हवा.

दाबमापक

साठवणीच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यातच आहे. बिगरहंगामाचे साडेसात महिने, रोज ६८ किलो, म्हणजे १५,३०० किलो. २०० बारला ५० लिटरच्या एका सिलिंडरमध्ये जेमतेम ०.७ किलो हायड्रोजन मावतो. २१,००० हून जास्त सिलिंडर लागतील. एवढा हायड्रोजन महिनोन्महिने साठवण्याची जमलेली पद्धत म्हणजे जमिनीखालच्या मिठाच्या थरातल्या पोकळ्या. इंग्लंडमध्ये टीसाइडला १९७० च्या दशकापासून आणि अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर तसे चालते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. हंगामी साठवण हा मुद्दा ठरावातून काढून टाका.

दिवसाची साठवण शक्य आहे. दोन दिवसांची म्हणजे १४० किलो. कॉम्प्रेसर डायफ्रॅमचा घ्या, पिस्टनचा घेतलात तर तेल वायूत येण्याची धास्ती कायमची. पण डायफ्रॅमला चालू-बंद सोसत नाही, पत्रा चिरतो. हायड्रोजन भरण्याचे पंप बंद पडण्यामागे कॉम्प्रेसर हे नेहमीचे कारण असते. सुटे डायफ्रॅम आणि वाल्व स्टोअरमध्ये असल्याशिवाय यंत्र ताब्यात घेऊ नका.

फिटिंगबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान, तेव्हा पाण्याच्या चाचणीत न गळणारा जोडही गळतो. शेवटची चाचणी हीलियमने किंवा हायड्रोजन-नायट्रोजन मिश्रणाने करा. नळ्या ३१६एल स्टेनलेसच्या घ्या. उच्च ताकदीचे पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून दाबाखालच्या भागात जास्त ग्रेडचा बोल्ट म्हणजे जास्त मजबुती असे समीकरण लागू पडत नाही. दोन कंपन्यांच्या फेरूल आणि नट एकत्र वापरू नका. प्रत्येक बोल्टचा टॉर्क नोंदवहीत लिहून दोन सह्या घ्या. नॉर्वेत सँडविका येथील पंपावर १० जून २०१९ रोजी स्फोट झाला, त्याचे कारण उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते एवढेच निघाले. आधी थोडी गळती, मग सील सरकले, मग ढग पेटला.

पत्र्याच्या शेडमध्ये काहीही बसवू नका. एलपीजी खाली बसतो, हायड्रोजन वर जातो आणि कौलाच्या-पत्र्याच्या वळचणीत साचतो. छप्पर हवेच असेल तर एका बाजूला चढते आणि वरच्या टोकाला उघडे ठेवा, गॅसशोधक त्याच टोकाला लावा. पेट घ्यायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, नायलॉनच्या शर्टातली ठिणगीसुद्धा. ज्वाला दिवसा दिसत नाही. संशयित गळतीकडे जाताना लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालण्याची जुनी रीत अजून शिकवली जाते: झाडू पेटला की तिथे ज्वाला आहे. त्याच्या जोडीला अल्ट्राव्हायोलेट-इन्फ्रारेड ज्वालाशोधक बसवा. एलपीजीसारखा वासही घालता येत नाही, त्यातले गंधक फ्युएल सेल मारते.

ट्रकच्या टाकीत वायू भरताना तो तापतो आणि टाकी ८५ अंशांच्या वर जाता कामा नये. ७०० बारला म्हणूनच वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करून भरतात. ३५० बारला सावकाश भरले तर शीतकरण कमी लागते, पण मे महिन्यात आपल्याकडची हवाच ४२ अंशांची. भरण्याचा वेग उन्हाळ्यासाठी वेगळा ठरवा, नाहीतर डिस्पेन्सर अर्ध्यावर थांबेल आणि चालक यंत्र बिघडले म्हणून ओरडतील.

परवाना पेसोचा (स्फोटके आणि दाबाखालचे वायू यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा). त्यांचे मुख्यालय नागपुरातच आहे. सिलिंडर आणि भरण केंद्र गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात. आधी आराखडा मंजूर, मग खोदकाम, हाच क्रम.

इंजिनखाना

जुन्या डिझेल इंजिनाचे: हायड्रोजन ५८५ अंशांच्या आसपास स्वतःहून पेटतो, डिझेल त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला. म्हणून निव्वळ दाबाने तो पेटत नाही. स्पार्क प्लग लावावा लागतो किंवा थोडे डिझेल ठिणगीसारखे वापरावे लागते. आणि उलट त्रास असा की गरम एक्झॉस्ट वाल्व, काजळीचा कण, तेलाचा थेंब एवढ्यानेही तो वेळेआधी पेटतो. इनटेकमध्ये वायू सोडलात तर ज्वाला मागे येऊन मॅनिफोल्ड फुटू शकते. कंपनीतून तयार होऊन येणारी हायड्रोजन इंजिने सहसा थेट सिलिंडरमध्ये वायू सोडतात, दुप्पटीहून जास्त हवा ठेवतात म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी राहतो, आणि क्रॅंककेसमधला वायू सतत बाहेर खेचतात. यातले काहीही गावच्या गॅरेजात होण्यासारखे नाही. कायद्यानेही हायड्रोजन इंजिनाच्या वाहनाला एआयएस-१९५ आणि फ्युएल सेलच्या वाहनाला एआयएस-१५७ या वाहन-मानकांप्रमाणे चाचणी लागते. जुना ट्रक वाटेल तसा बदलून रस्त्यावर आणला तर विमाही जाईल.

एचएचओ किटचे गणित पाच ओळींत. ६ सेल, १२ व्होल्ट, २० अँपिअर. एका अँपिअर-तासाला एका सेलमधून ०.०३७६ ग्रॅम हायड्रोजन निघतो, त्याहून जास्त कुणीही काढू शकत नाही. ताशी ४.५ ग्रॅम झाले, म्हणजे १५० वॅट-तास उष्णता. ट्रक ताशी १२ लिटर डिझेल जाळतो, म्हणजे १,२०,००० वॅट-तास. किटची भर ०.१ टक्क्याच्या थोडी वर. आणि ते २४० वॅट अल्टरनेटरने इंजिनाकडूनच घेतले, ज्याला ८०० ते १,००० वॅट-तासांचे डिझेल जास्तीचे जळते. पाण्याच्या डब्यातल्या कॉस्टिकचे फेसाळ थेंब इनटेकमध्ये जाऊन ॲल्युमिनियम खातात, ते वेगळेच. ३० टक्के मायलेज वाढ कागदावर लिहून द्या आणि वजनकाट्यावर भरलेल्या त्याच ट्रकची, त्याच रस्त्यावर, टाकी काठोकाठ भरून दहा फेऱ्यांची चाचणी द्या, असे म्हणा. हा विषय तिथे संपेल.

गव्हाण_ते_काटा

सर्वांचे मनापासून आभार. मंडळात एक प्रश्न नक्की येईल: मग केंद्र सरकारने एवढे मोठे हरित हायड्रोजन मिशन कशासाठी काढले? आणि न्हावा-शेवाच्या ट्रेलरांना तरी हायड्रोजन योग्य ठरेल का?

वाफ_आणि_वीज

मिशनचा हेतू नीट वाचला तर वरच्या उत्तरांशी त्याचा विरोध नाही. ४ जानेवारी २०२३ ला मंजूर झालेल्या १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी "साइट" योजनेला आहेत, म्हणजे इलेक्ट्रोलायझर बनवणे आणि हायड्रोजन तयार करणे यांना. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. आजही देशात वर्षाला ५० लाख टनांहून जास्त हायड्रोजन वापरला जातो, जवळजवळ सगळा तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांत, आणि तो बनतो मुख्यतः आयात नैसर्गिक वायूपासून. तिथे किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. चेंबूरच्या रिफायनऱ्या, अलिबागजवळ थळचा अमोनिया: अशा ठिकाणी वायूच बदलायचा असतो. नवा ट्रक नको, नवी टाकी नको, रस्त्यावरचा पंप नको. एक टन अमोनियाला १७७ किलो हायड्रोजन लागतो. जुलै २०२५ मध्ये हरित अमोनियाच्या पहिल्या लिलावात किलोला ५५.७५ रुपये भाव निघाला. त्यात अमोनिया बनवण्याचा खर्च शून्य धरला तरी हायड्रोजन किलोला ३१५ रुपयांच्या आतच बसतो, सरकारी प्रोत्साहन वेगळे. तेलाची आणि वायूची आयात कमी करण्याचे हायड्रोजनचे वचन मला खरे वाटते ते इथे. पुढे पोलाद, जिथे कोळशाच्या जागी तो लोहखनिजातला ऑक्सिजन काढतो, आणि जहाजे. महाराष्ट्रानेही जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले, ८,५६२ कोटींचे. त्यातल्या सवलती तुमच्या ६८ किलोंना फारशा तारणार नाहीत.

तुमच्या आवारात मात्र डिझेलला हात घालणारी दुसरी गोष्ट पडून आहे: प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी. ५,००० टन गाळपावर साडेतीन टक्के धरले तर रोज १७५ टन. साधारण २५ टनांना १ टन बायोसीएनजी (प्रेसमड कुजवून निघणारा, सीएनजीसारखा वापरता येणारा वायू), म्हणजे रोज ७ टन. किलोला १३ युनिट उष्णता धरून ९१,००० युनिट, आणि सीएनजी इंजिनाची कमी कार्यक्षमता वजा केली तरी रोज सात हजार लिटर डिझेलची जागा घेईल. १३० दिवसांत नऊ लाख लिटर. सौरवरच्या हायड्रोजनचे वर्षाचे १.०४ लाख होते, ते आठवा. आणि हे इंधन मिळते तेही हंगामातच, नेमके ऊसवाहतुकीच्या महिन्यांत.

त्यातही अडचणी आहेत. प्रेसमड उघड्यावर ढिगात ठेवले की आतून तापते आणि वायू देणारा भाग हवेतच जातो, ताजे वापरा किंवा झाकून दाबून ठेवा. त्यातले मेण आणि चोथा डायजेस्टरमध्ये (कुजवण्याच्या बंद टाकीत) वर साय धरतात, ढवळणी कमी पडली की महिन्याभरात थर घट्ट होतो. सल्फिटेशनमुळे हायड्रोजन सल्फाइड जास्त येतो, स्क्रबर (वायू धुऊन साफ करणारे यंत्र) दुप्पट क्षमतेचा ठेवा. उरलेले खत सभासदांच्या शेतात परत जाते.

युनिटचा_हिशेब

वरच्याशी सहमत, एक भर घालतो. उसाचे ट्रक वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंतच्या (ऊस गाळपासाठी टाकतात त्या जागेपर्यंतच्या) रांगेत तासन्‌तास उभे असतात. फेरी ४० किलोमीटरची आणि उभे राहण्याची जागा स्वतःच्या मालकीची, असा योग इतर वाहतुकीत सहसा मिळत नाही. गाडीतळावर चार्जर लावा आणि दिवसाची सौर वीज तिथेच भरा. २०० युनिटांची बॅटरी पुरेल. सगळे ट्रक सुरुवातीला बदलू नका, कंत्राटदारांचे दोन-तीन पुरे.

ट्रेलरांबाबत मी हायड्रोजनला मोडीत काढणार नाही. ४०० किलोमीटरला ३२ किलो हायड्रोजन लागतो आणि कार्बन फायबरच्या टाक्यांसह त्याचे वजन साधारण ६०० किलो होते. तेवढ्या अंतराची ६०० युनिटांची बॅटरी साडेतीन ते चार टनांची. तेवढी साखर कमी जाते. घाट चढतानाही वजन जाणवते.

दाबमापक

वजनाचा मुद्दा बरोबर, पण इंधन पंपापर्यंत पोचवण्याचे वजनही मोजा. २०० बारच्या पोलादी नळ्यांचा ट्रेलर सुमारे ३५० किलो हायड्रोजन आणतो, म्हणजे दहा-बारा ट्रक भरतील एवढाच. २० हजार लिटरच्या डिझेल टँकरची ऊर्जा आणायला असे सतरा ट्रेलर लागतात. म्हणून हायड्रोजनचा पंप जिथे वायू बनतो त्याच्या शेजारी चालतो, लांब नाही. बंदराजवळ मोठा उत्पादक असेल तर तिथे भरणे परवडेल. कारखान्याच्या टोकाला तुमचे ६८ किलो रोज दोन ट्रेलरांनाही पुरणार नाहीत: ७०० किलोमीटरच्या परतफेरीला एकालाच ५६ किलो लागतात.

गव्हाण_ते_काटा

म्हणजे ट्रेलरांसाठी आत्ता काय तयारी ठेवू?

युनिटचा_हिशेब

मार्च २०२५ पासून टाटा मोटर्सचे १६ हायड्रोजन ट्रक मुंबई, पुणे, दिल्ली परिसर, सुरत, वडोदरा, जमशेदपूर आणि कलिंगनगरच्या मार्गांवर चाचणीत आहेत, इंजिनाचेही आणि फ्युएल सेलचेही. चाचणीचा काळ २४ महिन्यांपर्यंतचा. तोपर्यंत ट्रेलरांची नोंद आजपासून नीट ठेवा. प्रत्येक फेरीचे वजन, दोन्ही बाजूंचे डिझेल वेगवेगळे, घाटातले डिझेल जमल्यास स्वतंत्र, बंदरावर उभे राहिलेले तास, आणि परतीला माल होता की रिकामे. हायड्रोजनचा भाव घेऊन कुणी आला तर तीन गोष्टी लेखी मागा: नोझलवरचा भाव, वायू कुठल्या विजेपासून बनला त्याचे प्रमाणपत्र, आणि पंप बंद पडला तर पर्यायी भरण किती किलोमीटरवर आहे. भाव ३७५ च्या खाली असेल आणि बंद पडलेल्या दिवसांची भरपाई करारात असेल तर एक ट्रेलर भाड्याने घेऊन वर्षभर चालवून बघा, विकत घेऊ नका.

उमा_क्षारमापी

बोअरच्या पाण्याची सिलिका आणि कॅल्शियमची तपासणी तरीही करून ठेवा. बायोसीएनजीच्या स्क्रबरलाही तेच पाणी लागणार आहे आणि क्षार बसण्याचे दुखणे तिथेही तेच.